जडी चालू आहे तोवर

खुशबू गेली हे लोकेशला कळलं तेव्हा तो तिचीच जडी उगाळत होता. मासे धरणारा ओमेश तलावावरून धावत अंगणात आला. जाळं अजून खांद्यावरच होतं.

"लोकेशभाऊ, चाल. वहिनी पाण्यात आहे."

लोकेशने सहाण बाजूला सरकवली, जडी सांडू नये म्हणून वर वाटी झाकली, आणि मग पळाला.

पोरगी झाल्यापासून खुशबू भिंतीकडे तोंड करून निजायची. लेकरू रडून रडून निळं पडलं तरी उठायची नाही. गावातल्या आशा सेविका डिंपलनं तिला गोंदियाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, बाळंतिणीला असं होतं, हा आजारच आहे. गोळ्या मधेच सोडू नका, पोरीला पाजत राहा, परत दाखवायला या.

"पगलीच्या गोळ्या होत ह्या," लोकेशची आई रुक्माबाई म्हणाली. "दुधातून पोट्टीच्या डोक्यात जातीन. आमी का लेकरं नाही काढली? आमाले कोनं गोळ्या देल्ल्या?"

गोळ्या चुलीत गेल्या. लोकेश बघत होता. मग तो जवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात गेला. तिथं चिचगडचा बकाराम मुळ्या-साली मांडून बसतो. त्यानं एक मूळ दिलं आणि अट घातली.

"जडी चालू आहे तोवर बीमारीचं नाव घ्यायचं नाही. तिनंबी नाही, तुमीबी नाही. टोकलं का गुण गेला."

अट घरानं अशी पाळली की देवाधर्माचंही कोणी इतकं पाळत नाही. डिंपल विचारायला आली तर रुक्माबाईनं तिला दारातच अडवलं. "काही विचारू नोको, बाई. जडी चालू आहे."

"अवो काकू, दवाखान्याची तारीख—"

"दवाखान्याचं नाव त काढूच नोको!"

खुशबूनं तोंड उघडलं की सासू भांडी आपटायची. हळूहळू तिनं तोंड उघडणं सोडलं. शेजारच्या शकुंतलाबाई कुंपणावरून हसून म्हणायच्या, "बरी झाली वं तुई सून. आता कुरकुर नाही करत."

पोरीचं बारसं खुशबू बरी झाल्यावर करायचं ठरलं होतं.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खुशबू आपणहून लोकेशजवळ येऊन बसली. पोरगी तिच्या मांडीवर होती. तिनं लेकराला आपल्या हातानं उचललेलं त्यानं कधीपासून पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, जडी लागली.

"अवो, आयका ना. पोरीचं नाव म्या ठरवलं. मी नाही राहिली त—"

त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "टोकू नोको. आता थोडीच जडी राहिली."

तिनं हात सारला नाही. त्यानं तो काढेपर्यंत तशीच बसून राहिली. मग पोरगी त्याच्या मांडीवर ठेवून आत गेली.

खुशबूचं दिवसकार्य झाल्यावर लोकेश उरलेलं मूळ घेऊन बाजारात गेला. बकारामनं ते उलटसुलट पाहिलं.

"कोनं टोकलं?"

"तिनंच. पन म्या पुरं बोलू नाही देल्लं."

"मंग? अर्ध्यानंबी गुण जाते, बापू. माया जडीचा दोष नाही."

मागं एक म्हातारी ताटकळत उभी होती. नातू झाला, पण सून लेकराकडे पाहत नाही, असं सांगत होती. बकारामनं तेच मूळ तिच्या पदरात टाकलं.

"बाई," लोकेश म्हणाला, "सुनेले दवाखान्यात न्या. ते काय म्हणते ते आयका. माही बायको—"

म्हातारीनं पदर मुठीत आवळला. "टोकू नोको रे बापू! आत्ताच घेतली जडी!" आणि ती घाईनं गर्दीत शिरली.

पोरगी आता आवाजाकडे मान वळवते. रुक्माबाई रोज एक नाव सुचवते. लोकेश नाही म्हणतो. का, ते सांगत नाही. घरात सगळे तिला पोट्टीच म्हणतात.

तिचं नाव ठेवायचं राहिलं आहे.