जन्माआधीचा सुंठवडा

जरा पुढे सरका की, असे दारात काय बसता? टाळ मांडीवर ठेवा घटकाभर. राम जन्मायच्या आधीच सुंठवडा तोंडात पडला, त्या वर्षीची गोष्ट सांगतो. आमच्याच वाडीतली, आंबेनळी घाटाच्या अंगाची. साठ-एकसष्टचा सुमार असेल.

रामनवमीची सकाळ. रायबा देवळाच्या ओटीवर बसून मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापत होता. त्याची बायको अंबूबाई भाकरीची पितळी पदराखाली धरून समोर उभी.

"मृदंगाला कणीक चारताय, नि सोताच्या पोटाला काय?"

"जन्म होऊ दे गो. त्याच्या आधी कधी खाल्लंय काय मी?"

"मग सुई तरी कशाला टोचून घेतलीत?"

"डाक्टरनं रोज घ्यायला सांगितलीय. त्यो बी नेम, ह्यो बी नेम."

रायबा मुंबईच्या गिरणीतून आजार घेऊन परतला होता. अंगात साखर वाढायची, घागरभर पाणी पिऊनही घसा कोरडाच. महाडच्या डॉक्टरांनी अंबूबाईला सगळं शिकवलं. सुई उकळायची, औषधाची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. निघताना बजावलं, "साखर चढत राहिली तर डोळे, पाय हळूहळू जातात. पण सुई घेऊन उपाशी राहिला आणि साखर उतरली, तर माणूस बघता बघता जाईल." तेव्हापासून तिचा जीव कधी थाऱ्यावर म्हणून नव्हता. गावाला मात्र चेष्टा. म्हातारा कुशाबा तर म्हणायचा, "आम्हाला चहापुरती साखर मिळत नाय, नि ह्याच्या अंगात म्हणे मावत नाय!"

कीर्तनाला महाडचे बुवा आले होते. काय त्यांचा गळा! कौसल्येच्या महालात दासींची धावपळ सुरू झाली आणि बायकांचे डोळे भरून आले. सगळ्या देवळाचे कान बुवांकडे. अंबूबाईचे मात्र मृदंगाकडे. कथेतला एक शब्द तिच्यापर्यंत पोचत नसावा. तिची बोटं मांडीवर ताल धरून चालली होती.

ऊन तापलं. पाळणा सजला होता, त्याच्यापुढे सुंठवड्याचं ताट झाकून ठेवलेलं. आणि अंबूबाईची बोटं थांबली. मृदंगाचा एक ठोका मागे पडला होता. बुवांनी चमकून पाहिलं. रायबा घामानं निथळत होता. पुढचा ठोका पडलाच नाही. हात थरथरायला लागले, मान डुलली, डोळे कुठेतरी भलतीकडेच लागले.

"वारं आलं! रायबाच्या अंगात वारं आलं!" कुशाबा ओरडला. "गुलाल आणा रे, पाया पडा!"

माणसं हात जोडून भोवती उभी राहिली. कोणी म्हणालं, "बोल देवा, काय मागणं हाय तुझं?"

"देव नाय त्यो!" अंबूबाई बायकांतून वाट काढत आली. "साखर उतारलीय त्यांची! सरा, सरा!"

पदराच्या गाठीत गुळाचा खडा ती नेहमी बांधून ठेवी. तो तिनं त्याच्या ओठांशी नेला, पण दातखीळ बसलेली. खडा घरंगळत खाली गेला. तिनं एकदाच इकडेतिकडे पाहिलं, आणि पाळण्यापुढच्या ताटावरचं फडकं ओढलं.

"अगो, जन्म व्हायचाय!" कुशाबानं तिचा हात धरला. "देवाच्या आधी? सगळ्या गावाला पाप लावशील!"

तिनं बुवांकडे पाहिलं. बुवांनी वीणा गड्याच्या हाती दिली आणि म्हणाले, "कुशाबा, हात सोडा तिचा. घाल बाई त्यांच्या तोंडात. रामाला थांबता येतं."

तिनं रायबाला कुशीवर वळवलं, सुंठवड्याची पूड चिमटीनं गालात सारली, हिरड्यांवर चोळत राहिली. मध्यान्ह टळली. पाळण्याची दोरी हातात घेतलेल्या सुवासिनी तशाच उभ्या. थोड्या वेळानं त्याची जीभ हलली. मग त्यानं डोळे उघडले.

"जन्म झाला?"

"तुमच्यासाठीच थांबलाय," बुवा म्हणाले.

तो उठून बसू लागला, तोच सुंठेची चव त्याच्या ध्यानात आली. पाळणा अजून हलला नव्हता. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"माझा नेम मोडलास गो."

"मोडला," अंबूबाई म्हणाली. "पाप माझ्या नावावर."

त्या वर्षी पाळणा उशिरा हलला, तोही बिनमृदंगाचा. अंबूबाई गुलालात उभी होती, पण नजर नवऱ्याच्या हातांवर. बरेच दिवस रायबा तिच्याशी कामापुरतंच बोलला. जेवणाची वेळ झाली की ती पितळी पुढ्यात सरकवायची आणि तो खाईपर्यंत उंबऱ्यात बसायची.

पुढली रामनवमी आली. रायबा मृदंगापाशी बसला. कीर्तन सुरू व्हायच्या आधी, साऱ्या वाडीदेखत, त्यानं अंबूबाईपुढे तळहात पसरला. तिनं ताटावरचं फडकं उचललं. कुशाबानं तोंड फिरवलं.

पुढे रायबाचे डोळे गेले. डॉक्टर म्हणाले होते तसेच, हळूहळू. तरी ती हात धरून आणी, तो पुडी चाचपून कणीक लावी. आता दोघंही नाहीत. मृदंग दुसऱ्याच्या मांडीवर असतो. पण जन्माच्या आधी त्याच्याशेजारी पळसाच्या पानावर चिमूटभर सुंठवडा अजून ठेवतात.

तेव्हा बाबांनो, रामनवमीला तळहातावर सुंठवडा पडला, की तोंडात टाकण्याआधी क्षणभर थांबा, आणि आमच्या अंबूबाईची आठवण काढा.