थांबून वाचणारी आगगाडी

मी एक जुना, कापडी, खिशांचा तक्ता आहे. फाटका म्हणाल तर म्हणा, टाकाऊ म्हणाल तर याद राखा! मित्रांनो, चौथीच्या बाईंच्या सासूबाईंनी मला उशांच्या उरलेल्या कापडातून शिवलं. चार ओळी, एकेका ओळीत सहा खिसे. मुलं त्यांत शब्दांच्या पट्ट्या खोचायची, मागेपुढे करायची, वाक्यं जुळवायची. कुठली पट्टी कुठे, यावरून भांडायचीसुद्धा. काय दिवस होते!

मग शाळेत घड्याळ लावून वाचायच्या स्पर्धा आल्या. मिनिटाला किती शब्द, एवढंच बघायचं. मला गुंडाळून कपाटावर फेकलं. तीन वर्षं मी धूळ खात पडलो.

चौथीत शाळेच्या माळीकाकांची मुलगी होती. सगळे तिला 'आगगाडी' म्हणत. वाचायला लागली की अशी धडाधड सुटायची की टाळ्या पडायच्या. लेखी उत्तरांत मात्र भोपळा.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नुसती पोपटपंची! शनिवारी मी स्वतः बघते. नाही जमलं तर तिसरीत बसवा."

"पोर ढ नाही हो माझी," माळीकाका हात जोडून म्हणाले.

मला असा राग आला म्हणून सांगू! बाईंनाही आला असावा. त्यांनी मला खाली ओढलं, झटकलं, भिंतीवर टांगलं आणि पट्ट्या खोचल्या : मावशीने हाक मारलेला मुलगा पळाला.

"कोण पळालं गं?" त्यांनी आगगाडीला विचारलं.

"मावशी!"

वर्ग खो खो हसला. हसा लेको! तिला शब्द सगळे येत होते. कुठला शब्द कुणाचा, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. बाईंनी 'मुलगा पळाला' वरच्या ओळीत ठेवलं, बाकीचं खाली. "कुठला मुलगा?" त्यांनी विचारलं. तिने खालच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग खालच्या पट्ट्या उचलून तिने मुलाच्या आधी खोचल्या.

"अगं बाई! मावशी तर जागेवरच आहे की!" ती ओरडली.

आठवडाभर रोज हाच उद्योग चालला. वाक्यं लांबत गेली.

शनिवारी मुख्याध्यापिका घड्याळ घेऊन आल्या. "आधी ते पत्ते काढा," म्हणाल्या. माझे सगळे खिसे रिकामे झाले. तिच्या हातात नवा उतारा दिला. दोन ओळी वाचल्या आणि ती थांबली. मी टांगलेला होतोच, जीवही टांगणीला लागला.

"काय गं, आगगाडी बंद पडली?"

"थांबा ना बाई. कोण कुणाला सांगतंय ते बघतेय."

तिची नजर ओळीवर मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग तिने उतारा संपवला आणि खालच्या पाचही प्रश्नांची उत्तरं दिली, सावकाश, पण बरोबर.

मुख्याध्यापिकांनी घड्याळ पर्समध्ये टाकलं. "राहू दे चौथीतच," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, कपाटावर तर मी आता जात नसतो! आणि तुमच्या घरच्या मोठ्यांना माझा निरोप सांगा. वाचताना मूल अडलं, मागे वळलं, तर "चल, पुढे वाच" म्हणून त्याला हाकलू नका. ते वाक्याशी झुंजतंय, झुंजू द्या. तरीही हाकललंत, तर माझ्याशी गाठ आहे!