लियाँचं कापड

माझे वडील, नाना, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, ओठांकडे बघत. तीस वर्षं सुरतेजवळच्या उधन्याच्या लूमखात्यात काढल्यावर माणसाला ही सवय लागते. खात्यात पन्नास संचे, म्हणजे यंत्रमाग, एकदम चालतात. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, मग कारागीर एकमेकांचे ओठ वाचतात. घरात शांतता असली तरी नाना माझ्या ओठांकडेच बघायचे, आणि लहानपणी खोटं बोलताना मी तोंड वळवून घ्यायचे. "आठे देख," एवढंच म्हणायचे. इकडे बघ.

पत्रात तोंड दिसत नाही.

सुरतेच्या प्लेगच्या पुढच्या वर्षी, पंच्याण्णवमध्ये, मी बेल्जियममधल्या अँटवर्पला गेले. तिथे हिऱ्यांच्या व्यापारातली सुरतेकडची बरीच गुजराती कुटुंबं आहेत. त्यांतल्या चार घरांनी मिळून मुलांना गुजराती लिहायला-वाचायला आणि गणित शिकवायला एक शिक्षिका मागवली होती. मी मराठी शाळेत शिकलेली, पुढे गुजरातीतून कॉलेज आणि बी.एड. केलेली, सव्वीस वर्षांची. आमच्या गल्लीत त्यावर आठवडाभर चेष्टा चालली. "खान्देशनी पोर, गोरास्ना देशमा, गुजराती शिकाडाले!" धुडकू काका नानांना म्हणाले. "भिकन, तुना घरमा काहीच सरळ व्हत नही." धुडकू काका म्हणजे नानांच्या शेजारच्या संच्यावरचे कारागीर, आमच्याच अमळनेरकडचे.

आई मी बारावीत असतानाच गेली होती. मी गेल्यावर नाना एकटे पडणार हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही त्यावर बोललो नाही. स्टेशनवर त्यांनी फक्त एक मागितलं. जिथे जाशील तिथलं कापड पाठव. बोटभर चालेल.

नानांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कापड मात्र ते वाचायचे. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून एकदा चोळलं की सूत कुठलं, ताण्याचे उभे धागे किती, कारागीर घाईत होता की नाही, सगळं सांगायचे. शंका आली तर कोपऱ्यातला एक धागा पेटत्या काडीवर धरायचे. रेशीम असलं तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत विरते. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा टणक काळा मणी होतो. हा खेळ मी पाचव्या वर्षापासून बघत आले होते.

मी शनिवार-रविवारी फिरायचे. माझी पत्रं शेजारच्या उषाबाईंची मयुरी त्यांना वाचून दाखवायची, आणि उत्तरं तीच लिहून घ्यायची, त्यांची अहिराणी शाळेच्या मराठीत बदलून. गेंटहून मी जवसाच्या धाग्याचं, लिननचं कापड पाठवलं. उत्तर आलं, 'कापड खरबरीत आहे, पण मन लावून विणलेलं आहे. तिथली माणसं अशीच असतील.' ब्रुजच्या लेसवर लिहिलं, 'हे संच्यावरचं काम नाही. हे करता करता एखाद्या बाईचे डोळे गेले असतील, तिला विचारलंस का?' पॅरिसमध्ये एका शिंप्याच्या दुकानातून चिंधी मागून घेतली होती. तिच्यावर नानांचा शेरा, 'साधंच आहे. ते लोक शिलाईवर मिरवत असावेत.'

ती शहरं मला पुस्तकांतून आधीच माहीत होती. वाचलेलं प्रत्यक्ष दिसतं तेव्हा आनंद होतो, पण तो सांगायला शेजारी कोणी नसलं की थोड्या वेळाने थकवा येतो. जूनमध्ये तिथे रात्रीचे दहा वाजेपर्यंत उजेड असतो. माझी खोली माडीवर होती, कौलांना लागून. त्या उजेडात ब्रेड आणि केळं खाताना दिवस संपत नाही असं वाटायचं. मुलं गोड होती, त्यांच्या आया मला जेवायला बोलवायच्या, कोणी वाईट वागलं नाही. हे सगळं असूनही मी दिवसेंदिवस शिकवण्यापुरतंच बोलू लागले होते. नानांच्या पत्राला उत्तर लिहायचं म्हणून मी पुढच्या गावाचं तिकीट काढायचे. चिंधी हातात आली की परत फिरायचे.

त्यांना खरी ओढ लियाँची होती. नाना जॅकार्डवर काम करायचे, म्हणजे कापडात फुलं काढणाऱ्या संच्यावर. तो संचा मुळात फ्रान्सच्या लियाँ गावातला, हे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. प्रत्येक पत्रात एक ओळ असायचीच, 'लियाँला कधी जातेस? तिथला जुना संचा बघून ये.'

शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये मी तिकीट काढलं. ब्रसेल्सला गाडी बदलायची होती. मी फलाटावरच्या बाकावर बसले. पिशवीत पुऱ्या होत्या, चार घरांतल्या एका ताईंनी दिलेल्या. गाडी आली, दारं उघडली. पुन्हा एक अनोळखी गाव, पुन्हा खोली शोधणं, पुन्हा नकाशा धरून कोपऱ्यावर उभं राहणं, एवढंच माझ्या मनात आलं आणि मी उठले नाही. दारं बंद झाली. मी तिथेच पुऱ्या खाल्ल्या आणि अँटवर्पला परत आले.

पुढच्या शनिवारी बाजारात एका हातगाडीवरून चमकदार फुलांच्या कापडाचा तुकडा घेतला. वाचनालयातल्या प्रवासाच्या पुस्तकातून दोन नद्या, टेकडी आणि विणकरांच्या गल्ल्या घेतल्या. चार पानांचं पत्र लिहिलं. जुन्या संच्याचा आवाज कसा येतो तेसुद्धा लिहिलं.

महिन्याभराने उत्तर आलं. 'कापड मिळालं. आता कापड पाठवत जाऊ नकोस. नुसतं पत्र पाठव. कशी आहेस ते लिही.'

संच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मला ते लागलं. वर्षभर लियाँ लियाँ केलं आणि आता त्यांना त्यात रस राहिला नाही, असं मी धरून चालले. खोटं मी बोलले होते आणि रुसलेही मीच. पंधरा दिवसांचं पत्र महिन्यावर गेलं, मग दीड महिन्यावर. त्यांत शाळा, हवा, तब्येत. फिरण्याबद्दल काही नाही.

जानेवारीत नाना पहिल्या पाळीला निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी छातीत कळ येऊन बसले, ते पुन्हा उठले नाहीत. मी चौथ्या दिवशी पोहोचले. चुलतभाऊ धर्मेंद्रने सगळं केलं होतं.

दशक्रियेनंतर मी त्यांचा बिस्किटांचा डबा उघडला. प्रत्येक तुकड्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली, मयुरीच्या अक्षरात: गेंट, ब्रुज, पॅरिस, कोलोन. सगळ्यात खाली लियाँ. तुकड्याचा एक कोपरा जळलेला होता आणि त्यावर काळा मणी होता. मी नखाने दाबून बघितला. टणक होता.

त्यांना कळलं होतं. कळूनही त्यांनी मला विचारलं नाही. मग ते 'पाठवत जाऊ नकोस' रागाने लिहिलं होतं का? चार महिने ते माझ्यावर नाराज होते का? आणि तसेच गेले का? मयुरीला विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, नाना सांगायचे तेवढंच मी लिहायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खात्यात गेले. नानांचा सदरा आणि कात्री अजून तिथेच होती. वीज गेलेली, संचे बंद, माणसं चहा पीत बसलेली. नानांचा सहा नंबरचा संचा रिकामा होता. मी धुडकू काकांपुढे तो तुकडा धरला.

त्यांनी घेतला नाही, नुसता बघितला.

"डबामाच ठेवेल व्हता का त्यानी?"

"काका, नानांना कधी कळलं?"

"हातमा लिधा तवयच." काका हसले. "पोरी, आमले समजत नही का? हाई फूल त्या साली उधनाना अर्धा खातास्मा निंघत व्हतं. मी म्हनं, भिकन, हाई ते आपलंच शे. तरी त्यानी काडी लाई."

"मग?"

"मग काय! तो मारुती हसाले लागना, म्हने लियाँनी गाडी उधनावरथीन जास का? तुना बाप भडकना त्यान्हावर. म्हने, मनी पोर सांगस लियाँनं, ते लियाँनं. चूप बस." काकांनी बशीतला चहा संपवला. "त्या दिवशी त्यानी सगळास्ले तो तुकडा दखाडा. लियाँनं शे म्हनीसन. आठे बठेल प्रत्येक मानूस कारागीर. कोनी काही बोलनं नही."

मी मान खाली घातली. पलीकडे मारुती कप विसळत होता, त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

"ते रागावले होते?"

"राग?" काकांनी डोकं हलवलं. मग सावकाश, मला नीट कळावं म्हणून मराठीत बोलले. "संध्याकाळी घरी जाताना म्हणाला, धुडकू, पोर एकटी पडली. फिरायची इच्छा नाही तिची. मी कापड मागतो म्हणून फिरते. आता नाही मागणार. तिला म्हणतो, नुसती कशी आहेस ते लिही."

पत्रातलं तेच वाक्य. मी ते इतक्या वेळा वाचलं होतं की पाठ होतं, आणि एकदाही त्याला उत्तर दिलं नव्हतं.

खात्यात सूत आणि तेलाचा वास होता. काका तुकडा आता हातात घेऊन अंगठ्याने चोळत होते, सवयीने.

"मंग त्या रोज तू कथा व्हती?" त्यांनी विचारलं. "लियाँले गयी नही, ते कथा गयी?"

"ब्रसेल्सला," मी म्हटलं. "स्टेशनवर बसले होते."

"दिनभर?"

"गाडी आली होती, काका. दार माझ्यासमोरच उघडलं. माझ्याजवळ तिकीट—"

तेवढ्यात वीज आली. पहिला संचा खडखडला, मग दुसरा, आणि दहा मोजायच्या आत माझाच आवाज मला ऐकू येईना. माणसं उठून आपापल्या जागी गेली. काका उठले नाहीत. त्यांच्या संच्यावर मारुती जाऊन उभा राहिला. काकांनी माझ्या हनुवटीकडे बोट केलं आणि ते माझ्या ओठांकडे बघू लागले.

मी तोंड वळवलं नाही. तिकीट होतं पण मला बाकावरून उठवलं नाही, असं सांगितलं. पुऱ्यांचं सांगितलं, दहा वाजेपर्यंतच्या उजेडाचं सांगितलं, पुस्तकातून उतरवलेल्या दोन नद्यांचं सांगितलं. कशी होते ते सांगितलं. काका मधूनमधून मान हलवत होते. एका ठिकाणी त्यांना कळलं नाही, त्यांनी हाताने थांबवलं, आणि मी ते वाक्य पुन्हा, सावकाश म्हटलं.