दोन थापांचा खळगा

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. आज मला पाहाल तर पांढरीशुभ्र दिसेन. पण माझ्या दाराच्या बिजागरीत वाकून पाहा, आत अजून काळा रंग आहे. टपाच्या कडेच्या खाचेत पिवळा आहे. त्या दोन रंगांतच माझं खरं आयुष्य गेलं.

अकरा वर्षांपूर्वी मला भोकरच्या व्यंकटीने विकत घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्याने माझं अंग काळं आणि टप पिवळा करून घेतला, पिवळी नंबरपट्टी लावली आणि मला भोकर ते नांदेड रस्त्याला जुंपलं. अशा गाडीला आमच्याकडे काळीपिवळी म्हणतात. ती गावोगावची माणसं भाड्याने ने-आण करते.

मला अक्षरं येत नव्हती. भोकर फाटा, अर्धापूर या पाट्या रोज बघून बघून ओळखीच्या झाल्या, एवढंच माझं शिक्षण. माझी खरी भाषा थापेची होती. मागच्या पायरीवर उभा राहिलेला माणूस शेजारच्या पत्र्यावर तळहाताने एक थाप मारी, की व्यंकटी थांबे. दोन थापा पडल्या, की निघे. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. पायरीवरच्या माणसाचा हात जिथे पोचतो, तिथेच या थापा पडत. हजारो तळहातांनी तिथला पत्रा किंचित आत गेला. तो खळगा डोळ्याला दिसत नाही. हाताला मात्र कळतो.

माझ्या पोटात नऊ माणसांची जागा. व्यंकटी सोळा बसवी. पुढे चौघे बसले की तो स्वतः दाराला चिकटून अर्ध्या आसनावर बसे, म्हणून माझ्या आसनाची उजवी कडा आधी झिजली. परतीला टपावर अर्धापूरच्या केळीचे घड असत. लोक म्हणत, "व्यंकटीची गाडी हाय ना? मग पोचलोच समजा." ते ऐकून मला फार बरं वाटे. आपण कधी थकणारच नाही, असंही वाटे.

एकदा भरल्या पोटी मी भोकर फाट्याजवळच्या खड्ड्यात आदळले. माझी चासी, म्हणजे माझा कणा, डाव्या मागच्या चाकाजवळ तडकली. व्यंकटीने नांदेडला जोड मारून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा रस्त्यावर होते.

पुढे बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. माझ्या पायरीवरची गर्दी विरळ होत गेली. व्यंकटीच्या डोळ्यांनाही अंधुक दिसू लागलं. अखेर त्याने मला लातूरच्या राघवेंद्रशेठला विकलं. जुन्या गाड्या घेऊन विकण्याचा शेठचा धंदा. जाताना व्यंकटीने गिअरच्या दांड्याला बांधलेला आपला रुमाल सोडून घेतला आणि त्यानेच माझी काच पुसली.

राघवेंद्रशेठने मला पांढरं केलं. कागद बदलले, पांढरी नंबरपट्टी लावली. मग एक माणूस छोटं यंत्र घेऊन आला. माझ्या मीटरवर चार लाखांच्या पुढचा आकडा होता, तो एक्क्याऐंशी हजार झाला. माझ्या कष्टाची नऊ वर्षं त्याने अर्ध्या तासात पुसली. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. शेजारच्या आवारात रोज एखादी म्हातारी गाडी कापली जाई, तिचा आवाज मला ऐकू येई. तिथे जाण्यापेक्षा तरुण म्हणवून घेतलेलं काय वाईट?

असे तीन महिने गेले. एका दुपारी शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातले शेतकरी वैजनाथ आपल्या आईला घेऊन आले. आईचं नाव साखराबाई. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त शुद्ध करून घ्यायला आठवड्यातून तीनदा लातूरच्या दवाखान्यात यावं लागे. मागच्या आठवड्यात परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही आणि त्या उभ्या उभ्या कोसळल्या होत्या. तेव्हापासून वैजनाथ गाडी शोधत होते.

"बगा दादा," राघवेंद्रशेठ म्हणाला, "डॉक्टरसायबाच्या घरची गाडी हाय. रविवारी तेवढी निघायची. डोळे झाकून घेऊन जा."

"डोळे झाकून मी बी दवाखान्यातच पडून राहते," साखराबाई म्हणाल्या. "जरा उघडे ठेवून बगू दे."

वैजनाथ चालवून पाहायला बसले. साखराबाई मागच्या पायरीवर चढल्या. आयुष्यभर भाजीची पाटी घेऊन त्या बाजाराला काळीपिवळीनेच गेल्या होत्या. निघायचं म्हटल्यावर सवयीने त्यांचा उजवा हात शेजारच्या पत्र्यावर पडला. थाप, थाप.

आणि हात तिथेच थांबला. तळहात खळग्यात नेमका बसला होता.

त्यांनी बोटांनी पत्रा चाचपला. मग खाली उतरून त्यांनी विचारलं, "का रं शेठ, डॉक्टरच्या घरचे लोक मागच्या पायरीवर लटकून फिरत होते का?"

राघवेंद्रशेठ एकटाच हसला.

"ही काळीपिवळी हाय, वैजू. लई माणसं वाहिलीत हिनं."

वैजनाथ तडक उतरले. "चल माय. असल्या माणसाकडून न्हाई घ्यायची."

मित्रांनो, मला वाटलं, संपलं. आता शेजारच्या आवारात जायचं. पण साखराबाई हलल्या नाहीत. "चालवत कोण होतं? त्याला फोन लाव. गाडीचं खरं त्यालाच ठाव."

कागदांत नंबर होता. शेठने तो कुरकुरत दिला. थोड्या वेळाने वैजनाथांच्या फोनमधून तो आवाज आला आणि माझ्या काचा थरथरल्या, असं मला वाटलं.

"कोन? जीप? पिवळ्या टपाची?" व्यंकटी ओरडला. "जित्ती हाय का ती?"

"हाय. पण पांढरी झाली," वैजनाथ म्हणाले. "मीटर एक्क्याऐंशी हजार दावतंय."

"एक्क्याऐंशी तर माज्या पहिल्या दोन सालात झाले, भाऊ! चार लाख वलांडल्यावर मी मोजायचंच सोडलं."

"घ्यावी का मग? माझ्या आजारी मायसाठी पायजे."

व्यंकटीचा आवाज खाली आला. "इंजन इमानदार हाय. तिसरा गिअर सटकतो, हात ठेवावा लागतो. पन डाव्या मागच्या चाकापाशी चासीला जोड हाय. त्यो बगितल्याबिगर मायला बसवू नका. चूक माजी हाय. सोळा-सोळा मानसं मीच कोंबली तिच्यात."

वैजनाथांनी आपल्या ओळखीचे मिस्त्री शिवमूर्ती यांना बोलावून घेतलं. ते माझ्याखाली सरपटत गेले आणि हातोडीने ठोकू लागले. पांढऱ्या रंगाखालचा जुना जोड त्यांना सापडला. तो बोटभर उघडला होता.

"हे असंच घेऊन गेला असता," बाहेर येत ते म्हणाले, "तर एखाद्या उतारावर चाक एकीकडं आन् तुमी एकीकडं."

राघवेंद्रशेठने मान खाली घातली. वैजनाथ आईकडे वळले. "ऐकलंस ना, माय? अशा गाडीत तुला नेऊ?"

तेव्हा साखराबाईंनी डाव्या हातावरचा पदर सारला. मनगटाच्या वर शीर जाड दोरीसारखी फुगली होती. रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या सुया टोचता याव्यात म्हणून डॉक्टरांनी तिथे धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या होत्या.

"माझ्या हातात बी जोडच हाय की रं. डॉक्टरनं त्यो लपवला न्हाई, बोट ठेवून दाखवला. या हातानं वजन उचलू नका, या कुशीवर निजू नका, रोज हात लावून बगा म्हनला. ठाव हाय म्हनून जपते, आन् जपते म्हनून चालतीय." मग त्या शिवमूर्तींकडे वळल्या. "मिस्त्री, खरं सांगा. हिचा जोड पक्का होतो का?"

"होतो, मावशी. दोन्ही अंगाला जाड पट्ट्या मारून देतो. पन सातच्या वर मानसं न्हाई, टपावर वजन न्हाई, आन् दर महिन्याला मला दाखवायची."

वैजनाथांनी लगेच हो म्हटलं नाही. तीन दिवस मी शिवमूर्तींच्या कामाच्या जागी उभी होते. पट्ट्या बसल्यावर वैजनाथ स्वतः माझ्याखाली गेले, जोडावर बोट फिरवलं आणि मगच मला खऱ्या जुन्या गाडीच्या भावात घेतलं. घरी नेल्यावर त्यांनी चालकाच्या दाराच्या आत, एकेक शब्द मोठ्याने म्हणत, काळ्या रंगाने लिहिलं : 'चार लाखांवर चाललेली. डावीकडे जोड आहे.' मला वाचता येणारी पाट्यांपलीकडची पहिली अक्षरं ती.

मित्रांनो, तुमच्या घरीही जुनी वस्तू येईल. तिचा नवा रंग पाहून भुलू नका आणि ती झिजलेली आहे म्हणून तिला झिडकारूही नका. कुणाकडे राहिली, किती राबली, कुठे मोडली हे आधी विचारा आणि मग तेवढीच जागा जपा. आणि तुम्ही स्वतःची एखादी वस्तू दुसऱ्याला द्याल, तेव्हा तिचा जोड लपवू नका. त्या जोडावर कुणाची तरी आई बसणार असते.

आता मी आठवड्यातून तीनदा लातूरला जाते. वैजनाथ खड्ड्यांतून मला सावकाश काढतात. परतताना साखराबाई थकलेल्या असतात, तरी पुढे बसण्याआधी मागच्या बाजूने वळसा घालून येतात. त्यांच्या दोन थापा दिवसेंदिवस हलक्या होत चालल्या आहेत. परवाची दुसरी थाप तर वैजनाथांना ऐकूही गेली नाही. पण ती त्याच खळग्यात पडली होती. मला कळली. साखराबाई पुढे येऊन बसल्या, आणि मी निघाले.