चार पदरी दोर

तीस वर्षं तिचा नवरा लोकांची कपाटं खिडकीतून चढवत आला. वस्तीतले जिने अरुंद. जिन्यात जे मावायचं नाही ते त्याच्या कप्प्यांवरून वर जायचं. म्हणून त्याचं नावच पडलं कप्पीवाला. आता आठ महिने तो स्वतःच जिथल्या तिथे होता. उजवं अंग गेलेलं, जीभ अर्धी उरलेली. त्याला दिवसातून चारदा उचलता उचलता तिची कंबर कामातून गेली होती.

आज चार वाजता नणंद येणार होती, अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेचा फॉर्म घेऊन. गेल्या खेपेला तिने सरळच सांगितलं होतं, "तुझं तू एकटीनं त्याला खुर्चीत बसवून दाखव. नाही जमलं, तर मी नेऊन ठेवते त्याला. माझ्या भावापायी तू मरायची नाहीस." बोलणं टोचणारं होतं, पण खोटं नव्हतं. रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. ती आपली भांडी घासत राहिली.

काल कप्पीवाल्याने डाव्या हाताने आधी पलंगाखालची पेटी दाखवली, मग वर बोट केलं. वर लोखंडी तुळईला जाड आकडा होता, लेकीच्या पाळण्यासाठी त्यानेच बसवलेला. लेक केव्हाच परगावी संसाराला लागली. आकडा होता तिथेच होता, रिकाम्या हातासारखा वाकलेला.

तिने पेटीतली एक कप्पी आकड्याला टांगली. तिच्या चाकावरून दोर घेतला. सामान उचलायचे रुंद पट्टे त्याच्या पाठीखालून, मांड्यांखालून सरकवले आणि दोराला बांधले. मग जीव एकवटून दोर खाली ओढला.

तो हलला नाही. तीच वर आली. टाचा उचलल्या, एक चप्पल पायातून निसटली. तो बहात्तर किलो, ती सेहेचाळीस.

कप्पीवाला हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा, अर्ध्याच तोंडाने, पण पोट हलेपर्यंत.

"हसा, हसा! तीस वर्षं हीच जादू करत होतात होय?"

"एकीनं... नुसती... दिशा," तो म्हणाला. एका कप्पीने ओढायची दिशा बदलते. वर उचलायचं ते खाली ओढून उचलता येतं. वजन मात्र तेवढंच. वजन वाटायचं तर दुसरी कप्पी ओझ्यालाच बांधावी लागते. हे सगळं त्याने दोन बोटं उभी करून, एक वर, एक खाली धरून सांगितलं.

आज सकाळपासून तो पडल्या पडल्या ओवत होता. दोन चाकांची एक कप्पी वर, दोन चाकांची एक खाली, मधे दोर चार पदरी. एक हात आणि दात. चार पदर, म्हणजे प्रत्येकावर पाव ओझं. पण शेवटच्या चाकापाशी येता येता दोर संपला.

चूक तिची होती. आजारपणाच्या दुसऱ्याच महिन्यात, धुण्याचे ढीग वाळत घालायला तिने त्याच्या चांगल्या दोराचा लांब तुकडा कापला होता. तेव्हा दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आता तिने गॅलरीतून तोच तुकडा सोडून आणला, अजून ओलसर, आणि दोराला जोडला.

"गाठ," तो मान हलवत म्हणाला.

"माहितीये हो, गाठ कप्पीतून जात नाही. पण हातभरच तर उचलायचंय. गाठ चाकाच्या दोन हात खाली आहे. पोचतेय कुठली?"

त्याने डोळे मिटले. सांगण्याइतके शब्दच नव्हते त्याच्याकडे.

तिने ओढलं. आणि तो उचलला गेला. कपाळावर शीर नाही, कमरेत कळ नाही. भरलेली घागर ओढावी एवढाच भार. दोर मात्र हातांतून येतच होता, येतच होता. तेवढ्यात, वाक्य धड न बोलणारा तो, हवेत हलता हलता जुनं गाणं म्हणू लागला. कपाटं चढवताना म्हणायचा ते, अख्खं, एक शब्द न सांडता:

"चल गं जडाबाई, चल दमादमानं,
वरती घर बांधलं कुण्या धन्यानं..."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबवता येत नव्हते. मग वर टक्क झालं. गाठ चाकात अडकली होती. तो गादीपासून जेमतेम वीतभर वर.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. हातभर उचलायला चार हात दोर सरकतो. पाव ओझ्याची किंमत चौपट दोर. तीस वर्षं या माणसाबरोबर राहून तिने हे कधी विचारलंच नव्हतं.

तिने दोराला खिडकीच्या गजाचे दोन वेढे दिले आणि मटकन खाली बसली. चाकांची खुर्ची शेजारीच होती, पण खुर्चीचा हात आडवा येत होता. त्यावरून न्यायला वीतभर उंची पुरत नव्हती.

दार उघडलं. नणंद.

"अगं बाई! टांगलंस की काय याला!"

"बसवतेय, वन्सं. अडकलंय जरा."

कप्पीवाल्याने वरूनच डाव्या बोटाने खुर्चीचा हात दाखवला, मग बोट गोल फिरवलं. स्क्रू. ती पेटीतून पेचकस घेऊन आली, गुडघ्यांवर बसली, दोन स्क्रू काढून खुर्चीचा हातच उपटून बाजूला ठेवला. खुर्ची पलंगाला चिकटवली. त्याला हलकेच ढकललं; तो झोक्यासारखा सरकून बरोबर खुर्चीवर आला. गजावरचे वेढे सोडून ती दोर सैल करणार, तोच नणंदेने हात पुढे केला.

"दे इकडे."

तिने एका हाताने भावाचा भार धरला. मग दुसरा हातही लावला, गरज नसताना. तिचा चेहरा उतरला.

"किती हलका झालाय गं हा."

"तो नाही हलका झाला, वन्सं. दोर लांब झालाय."

नणंदेने हळूहळू दोर सोडला. कप्पीवाला खुर्चीत टेकला, घामेजलेला. तिघंही दमली होती.

"आणि उद्या?" शेवटी नणंद म्हणाली. "पुन्हा ही गाठ?"

"तीस हात," कप्पीवाला म्हणाला. "अखंड."

नणंदेने पर्समधून फॉर्म काढला, उलटा केला, आणि पेन शोधू लागली. "थांब, लिहून घेते. जाडी किती सांगायची दुकानात?"