झिपरीचं पातेलं

सकाळीच शेळीवाल्याच्या अंगणात भांडण जुंपलं. त्याची कुत्री, झिपरी, गोठ्याच्या दारात पुन्हा ओकून पडली होती. चार दिवस बरी राहायची, की परत ओकारी, परत जुलाब. जनावरांच्या डॉक्टरने बजावलं होतं, हिला नुसता मऊ भात द्या, तेल-तिखटाचा वाससुद्धा नको. शेळीवाल्याची बायको रोज शेतावर जायच्या आधी वेगळ्या पातेल्यात तो शिजवायची. तरी कुत्री धड होईना.

शेळीवाल्याने सगळं बायकोवर ढकललं. तुझाच हात सैल, खरकटं टाकतेस आणि वर शपथा खातेस, असं चारचौघांत म्हणाला. ती म्हणाली, माझ्या पोटाला चिमटा घेतला असेल, पण तिच्यापुढे दुसरं काही ठेवलं नाही. कुंपणाशी गवळी, सुतार आणि मी उभे होतो. सुतार म्हणाला, या कुत्रीचं पोट म्हणजे आपला रस्ता, बुजवला की पुन्हा खचतो. आम्ही हसलो. मीही हसलो. कुठे हसू नये हे मला पुस्तकं वाचूनही वेळेवर सुचत नाही.

शेळीवाल्याने झिपरीच्या गळ्यात दोरी अडकवली. आजच नदीपलीकडच्या वीटभट्टीवर सोडून येतो म्हणाला. ती चालेना. तो ओढू लागला, तेव्हा तिची नखं मातीत रेघा काढत गेली.

त्याचा बाप शेळ्यांच्या राखणीला गोठ्यातच राहायचा, जेवायचाही तिथेच. तो भिंतीला धरून बाहेर आला.

"सुनेला बोलू नकोस," म्हातारा म्हणाला. "कुत्रीचा भात मी खातो."

शेळीवाल्याला काही उमगेना.

"दाढा गेल्या रे. हिरड्या सुजल्या की घास नुसता तोंडात फिरतो. मग तिची ताटली मी घेतो, माझं ताट तिच्यापुढे सारतो."

"मग सांगायचं ना, आबा."

"काय सांगू? ही दिवसभर उन्हात राबते. कुत्रीसाठी शिजतच होतं. म्हाताऱ्यासाठी आणखी एक पातेलं कशाला?"

शेळीवाल्याच्या हातातली दोरी सैल पडली. सुतार चपलेचा अंगठा तपासू लागला. गवळ्याला एकाएकी धारा काढायच्या आठवल्या. माझेही पाय घराकडे वळले होते, पण तेवढंही धैर्य झालं नाही.

सून सासऱ्याजवळ आली. मग अगदी हळू म्हणाली, "मामंजी, त्यात मी मीठ घालत नव्हते हो."

"ते कळायचं," म्हातारा म्हणाला आणि खाली बघू लागला.

ती पदराने तोंड दाबून आत गेली. चुलीवरचं पातेलं घेऊन अंगणात आली, सासऱ्यासमोर बसली आणि मिठाच्या बरणीचं झाकण काढलं. म्हाताऱ्याने घाईघाईने हात मधे घातला.

"थांब, पोरी. आधी तिचं काढ. मीठ नंतर."

तिने झिपरीची ताटली वाढली. मग मीठ घातलं, ढवळलं, आणि आमच्यापैकी कुणाकडेही न बघता पहिला घास फुंकून त्याच्या हातावर ठेवला.