सुतळीच्या कमरेवरचा सेन्सर

मैत्रिणींनो, काड्यापेटीहून लहान, काळा आणि एका कोपऱ्यात खरचटलेला असा मी एक जुना सेन्सर आहे. एका कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी माझी जुळणी केली. खेळाडूने मला पट्ट्यात अडकवून कमरेला बांधले, की तिची प्रत्येक उडी आणि जमिनीवर उतरतानाचा धक्का मी टिपतो. तिच्या अंगावर किती ताण पडला, ते मग संगणकाच्या पडद्यावर दिसते.

माझी नेमणूक मुलींच्या व्हॉलीबॉल संघात झाली. उंच आणि किडकिडीत म्हणून जिला सगळ्या सुतळी म्हणत, तिच्या वाट्याला मी आलो. तिची ताईही त्याच संघात खेळायची. सुतळी उडाली, की मलाही हवेत झोका मिळे. मजेचे दिवस होते ते.

स्पर्धा जवळ आली तसा सुतळीचा गुडघा दुखू लागला. ताण वाढलेला दिसला, की प्रशिक्षकबाई सक्तीची विश्रांती देत. ती टाळायला सुतळी सराव संपताच मला काढून पिशवीत टाकी आणि एकटीच उड्या मारत राही. मोज्यांच्या गुंडाळीत पडल्या पडल्या मला चेंडूची धपधप ऐकू येई. माझ्या नोंदीत मात्र त्यातले काहीच नसे.

एका सकाळी संघाच्या फिजिओताई पडद्यासमोर थबकल्या.

"उड्या तर थोड्याच दिसतायत. मग उतरताना अशी एका बाजूला का कलतेस?"

"सवय आहे," सुतळी म्हणाली.

"काहीतरी सांगू नकोस," तिची ताई बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली. "जिना उतरताना कठडा धरतेस. मला काय दिसत नाही?"

सुतळीचे डोळे भरून आले. "सांगितलं असतं, तर बसवलं असतं मला."

"बसवणार तर आहेच," प्रशिक्षकबाई म्हणाल्या. "पण गुडघा बरा झाला, की उठवणारही मीच."

संघ तिच्याविना खेळला आणि उपांत्य फेरीत हरला. बाकावरून ओरडून ओरडून सुतळीचा घसा बसला. ताईशी तिने अबोला धरला. तो जेवणाच्या ताटापर्यंतही टिकला नाही. मग हळूहळू व्यायाम सुरू झाला. आज किती उड्या मारायच्या, ते माझ्या नोंदी पाहून ठरे. पुढच्या मोसमात तिने पहिलाच चेंडू असा हाणला, की समोरच्या मुली नुसत्या बघत राहिल्या. उतरली तीही दोन्ही पायांवर, सरळ.

नंतर माझ्याहून पातळ सेन्सर आले. काही काळ मी खणात शिट्ट्यांच्या सोबतीने धूळ खाल्ली. आता शाळेतल्या तुम्हा मुलींच्या कमरेला असतो. बॅटरी कशीबशी सरावापुरती टिकते, पण मी खुशीत आहे.

तुम्ही माझ्यावरचा घाम पुसता, वेळेवर चार्ज करता, हे फार छान. फक्त एक विनंती आहे. मला धक्का कळतो, दुखणे कळत नाही. ते तुमचे तुम्हालाच ठाऊक असते. तेव्हा मैत्रिणींनो, कुठे दुखत असेल, तर लपवू नका. जवळच्या माणसाला सांगा.